नवी गाडी घेताना भाव नेमका कुठे करायचा?

शोरूममध्ये शिरून किंमत विचारली की समोरून दोन आकडे येतात. एक एक्स-शोरूम, दुसरा ऑन-रोड. बहुतेक जण दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "फायनल किती कमी होतील?" सेल्समन जरा विचारात पडल्यासारखं करतो, "सरांशी बोलून येतो" म्हणत आत जातो आणि दहा-पंधरा हजार कमी करून बाहेर येतो. गिऱ्हाईक खूश होतं. शोरूम त्याहून खूश होतं, कारण ऑन-रोडच्या आकड्यात मिसळून बसलेल्या बाकीच्या रकमांकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं.

गाडीचा सौदा एका आकड्याचा नसतो, आठ-दहा ओळींचा असतो. काही ओळी सरकारने ठरवलेल्या असतात, तिथे घासाघीस करून हाती काही लागत नाही. काही ओळी कंपनीच्या हातात असतात, काही डीलरच्या. आणि दोन-तीन ओळी तर कागदावर नसल्या तरी काही बिघडत नाही. कोणती ओळ कुणाची हे कळलं की भाव कुठे करायचा तेही कळतं.

डीलर कमावतो कुठे?

नव्या गाडीच्या विक्रीवर डीलरला सुटणारं मार्जिन आपल्याला वाटतं तेवढं नसतं. साधारण तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास. त्यातून शोरूमचं भाडं, पगार, यार्डात उभ्या गाड्यांवरचं व्याज हे सगळं भागवायचं असतं. म्हणून त्याची खरी भिस्त दुसरीकडे असते: विम्यावरचं कमिशन, कर्ज मिळवून दिल्याबद्दल बँकेकडून येणारा मोबदला, अ‍ॅक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि पुढची सर्व्हिसिंग. शिवाय ठरलेलं टार्गेट गाठलं की कंपनी इन्सेंटिव्ह देते.

यावरून दोन गोष्टी समजून घ्यायच्या. नुकतीच बाजारात आलेली, वेटिंग असलेली गाडी असेल तर एक्स-शोरूम किमतीत मोठी सूट मागणं व्यर्थ आहे. डीलरकडे द्यायला काही नसतं आणि मागे पाच गिऱ्हाइकं उभी असतात. दुसरं म्हणजे, जो डीलर एक्स-शोरूमवर ताणून धरतो तोच विमा आणि अ‍ॅक्सेसरीजच्या ओळीवर बराच सैल होऊ शकतो. तिथे त्याला जागा असते.

कोटेशन ओळीने वाचा

समजा, साडेनऊ लाखांची पेट्रोल गाडी आहे. पुण्यातल्या एखाद्या शोरूममधलं कोटेशन साधारण असं दिसेल:

- एक्स-शोरूम: ९,५०,०००
- आरटीओ कर: १,०४,५००
- नोंदणी, स्मार्ट कार्ड, कर्जाचा बोजा वगैरे: २,५००
- विमा: ४८,०००
- फास्टॅग: ६००
- हँडलिंग/लॉजिस्टिक्स चार्जेस: ८,५००
- एसेन्शियल किट: १८,०००
- कोटिंग: ९,५००
- एक्स्टेंडेड वॉरंटी: १४,०००

बेरीज ११,५५,६००. यातली पहिली ओळ कंपनीची. जीएसटी तिच्यातच धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर, म्हणजे चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिन, १८ टक्के जीएसटी लागतो. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्के. त्या तारखेपासूनची करकपात छापील किमतीतच उतरलेली आहे. तेव्हा कुणी 'जीएसटी डिस्काउंट' म्हणून वेगळी सूट दाखवत असेल, तर वजाबाकी कुठल्या किमतीतून केली ते आधी तपासा.

दुसरी आणि तिसरी ओळ सरकारची. पासिंगचा मुख्य खर्च म्हणजे एकरकमी वाहनकर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला हेच टप्पे १३, १४, १५ टक्क्यांचे. सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर बराच वाढतो. ही रक्कम आकडेमोड करून पाहा आणि फार तफावत दिसली तर पावती मागा. उच्च सुरक्षा नंबरप्लेटसाठी वेगळे पैसे लावले असतील तर तेही विचारा, कारण १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ही प्लेट कंपनीनेच द्यायची आहे आणि तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते.

गाडीची किंमत १० लाखांच्या वर गेली की आणखी एक ओळ येते: टीसीएस, एक टक्का. साडेदहा लाखांच्या गाडीवर साडेदहा हजार. हा खर्च नव्हे, तुमच्या नावावर जमा झालेला प्राप्तिकर आहे. पॅन नंबर नीट द्या, प्राप्तिकराच्या पोर्टलवर नोंद आली का पाहा आणि रिटर्न भरताना तो वळता करून घ्या. अनेक जण ही रक्कम गाडीच्या किमतीतच गेली असं समजून विसरून जातात.

राहिल्या खालच्या सहा ओळी. फास्टॅगची रक्कम किरकोळ. बाकी पाच ओळींची बेरीज ९८ हजार होते. सगळा सौदा या ९८ हजारांत आहे.

विमा: सगळ्यात मोठी ढिली ओळ

नव्या गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून ही पद्धत आली. त्याचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे तो कुठल्याही विमा कंपनीकडे सारखाच असतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंत तीन वर्षांचे ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि त्यावर २४,५९६, वर जीएसटी.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेज. तो एका वर्षाचा घेतला तरी चालतो आणि त्याचा दर कंपनीगणिक वेगळा असतो. शोरूमच्या कोटेशनमध्ये आणि बाहेरच्या कोटेशनमध्ये फरक पडतो तो इथे. तोच विमा, तीच कंपनी, तरी दहा-दहा हजारांचं अंतर दिसू शकतं.

तुलना करताना मात्र फसगत होऊ देऊ नका. दोन्हीकडे आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सारखी हवी. नव्या गाडीला ती साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. अ‍ॅड-ऑनही तेच हवेत: झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस, रोडसाइड असिस्टन्स. मुंबई-ठाण्यात किंवा जिथे पावसात पाणी तुंबतं अशा भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट कामाचं. टायर-किल्लीच्या विम्याशिवाय मात्र बहुतेकांचं चालतं. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे, पण तुमच्याकडे तेवढ्या रकमेचा अपघात विमा आधीच असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

जुनी गाडी विकत असाल तर नो क्लेम बोनस सोडू नका. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते आणि ती नव्या गाडीला लावता येते. त्यासाठी जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं, म्हणजे याच बोनसचं, पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. हे शोरूम आपणहून सांगेलच असं नाही.

विमा आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती डीलरला करता येत नाही. तो दोन गोष्टी सांगेल. एक, "बाहेरून घेतलात तर कॅशलेस होणार नाही." त्यावर त्या विमा कंपनीच्या गॅरेजच्या यादीत हे सर्व्हिस सेंटर आहे का, एवढंच पाहा. दुसरं, "मग आमची सूट कमी होईल." हे मात्र खरं असू शकतं. अशा वेळी भावना बाजूला ठेवून गणित करा. बाहेर दहा हजार वाचत असतील आणि डीलर पंधरा हजारांची सूट काढून घेत असेल, तर विमा त्याच्याकडूनच घ्या. पण बाहेरचं कोटेशन त्याच्यापुढे ठेवून "एवढ्यात बसवा" म्हणायला विसरू नका. बऱ्याचदा बसतं.

नसल्या तरी चालणाऱ्या ओळी

हँडलिंग किंवा लॉजिस्टिक्स चार्जेस हा सरकारचा कर नाही आणि आरटीओची फीही नाही. कंपनीकडून गाडी आपल्या दारात आणण्याचा खर्च हा डीलरच्या धंद्याचा भाग आहे. ही ओळ काढून टाका, असं स्पष्ट सांगा. "सगळेच घेतात" असं उत्तर आलं तर "बिलावर कुठल्या नावाने दाखवणार?" असं शांतपणे विचारा. पुष्कळदा इथेच ओळ गळून पडते.

एसेन्शियल किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, स्टिअरिंग कव्हर, बॉडी कव्हर, डोअर व्हायझर असं बरंच काही असतं. यादी मागा आणि प्रत्येक वस्तूपुढची किंमत पाहा. हवं तेवढंच ठेवा. पुण्यात नाना पेठेत किंवा आपापल्या गावच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात याच प्रकारच्या वस्तूंचा भाव काढून आलात तर बोलायला बळ येतं. एक पथ्य मात्र पाळा: वायरिंग कापून बसवायच्या वस्तू, म्हणजे हॉर्न, दिवे, मोठी म्युझिक सिस्टिम, बाहेर बसवल्या तर त्या भागाच्या वॉरंटीवर वाद होऊ शकतो.

टेफ्लॉन, सिरॅमिक, अंडरबॉडी कोटिंग याची डिलिव्हरीच्या दिवशी घाई नाही. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे अंडरबॉडी कोटिंगचा विचार करायला हरकत नाही, पण तेही नंतर करता येतं. एक्स्टेंडेड वॉरंटी ही बाद करण्यासारखी ओळ नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो इंजिन किंवा भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असेल तर ती घ्यावीच. मात्र ती कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची, हे वाचून घ्या आणि कंपनीची मुदत पाहा. अनेक कंपन्या ती मूळ वॉरंटी संपण्याआधीपर्यंत घेऊ देतात.

वरच्या उदाहरणात विम्यावर दहा हजार वाचले, हँडलिंग गेलं, किट आणि कोटिंग काढलं, तर ४६ हजार कमी झाले. एक्स-शोरूमला अजून हातही लावलेला नाही.

सूट किती प्रकारची?

आता पहिल्या ओळीकडे या. "सूट किती?" असं मोघम विचारू नका, एकेका नावाने विचारा. कंपनीची त्या महिन्याची कन्झ्युमर ऑफर, डीलरची स्वतःची सूट, एक्स्चेंज बोनस, त्याच कंपनीची गाडी आधी असेल तर लॉयल्टी बोनस, नोकरीच्या ठिकाणानुसार मिळणारी कॉर्पोरेट सूट, आणि जुनी गाडी भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र असेल तर स्क्रॅपेज सूट. कॉर्पोरेट यादीत फक्त आयटी कंपन्या असतात असं नाही. सरकारी कर्मचारी, शिक्षक, डॉक्टर, बँकांचे कर्मचारी यांचीही नावं अनेकदा असतात. ओळखपत्र दाखवल्याशिवाय ही सूट कुणी काढत नाही. घरात सैन्यदलातलं कुणी आजी-माजी असेल तर कॅन्टीनमधून गाडी घेण्याचा मार्ग आधी तपासा. तो बहुधा सगळ्यात स्वस्त पडतो.

कोणत्या दोन सुटी एकत्र मिळत नाहीत, हेही विचारा. आणि सूट कशात मिळणार ते पक्कं करा. "वीस हजारांच्या अ‍ॅक्सेसरीज फ्री" आणि बिलात वीस हजार कमी, या दोन गोष्टी एक नव्हेत.

केव्हा जायचं?

आपल्याकडे गाडी आणायची ती पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला, दसऱ्याला नाहीतर दिवाळी पाडव्याला. त्या आठवड्यात शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते. सणाच्या ऑफर असतात, पण डीलरला तुमच्यासाठी वाकायची गरज नसते.

याउलट पितृपक्षात शोरूम ओस पडतात. टार्गेट मात्र पितृपक्ष पाळत नाही. बोलणी तेव्हा करा, टोकन तेव्हा द्या आणि गाडी दसऱ्याला घरी आणा. शास्त्र सांभाळलं जातं आणि भावही. पौषातही साधारण तीच स्थिती असते. एरवी महिन्याचा शेवटचा आठवडा आणि तिमाहीचा शेवट, विशेषतः मार्चअखेर, चांगला. टार्गेटला दोन-तीन गाड्या कमी पडत असतील तर तुमच्या एका गाडीचं वजन वाढतं.

डिसेंबर-जानेवारीचा हिशेब वेगळा. एक तारखेला यार्डातली गाडी 'गेल्या सालची' होते, म्हणून तिच्यावर मोठी सूट मिळते. पण आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष येतं, आणि विकताना गिऱ्हाईक तेच पाहतं. गाडी दहा वर्षं वापरणार असाल तर हा सौदा फायद्याचा. तीन-चार वर्षांत बदलणार असाल तर मिळणारी सूट त्या घसरणीला पुरते का पाहा.

बोलणी

एकाच कंपनीच्या किमान तीन डीलरांकडून कोटेशन घ्या. शेजारच्या जिल्ह्यातलाही डीलर चालेल. साताऱ्याच्या माणसाला पुण्यात गाडी घेऊन पासिंग साताऱ्याचं करून घेता येतं. मात्र कर कमी म्हणून गोव्याचा किंवा दुसऱ्या राज्याचा पत्ता लावायच्या फंदात पडू नका. गाडी जिथे वापरता तिथेच तिची नोंदणी व्हायला हवी.

कोटेशन लेटरहेडवर किंवा निदान शोरूमच्या ईमेलवरून हवं, व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहिलेलं नको. बोलणी साधारण अशी चालतात:

"काका, ही ऑफर आज बुक केलं तरच. उद्या सिस्टिममधून निघून जाईल."

"बरं. मग ऑफरची तारीख कोटेशनवर लिहून द्या. मी उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो."

"तुमची अपेक्षा किती आहे ते तरी सांगा."

"अपेक्षा राहू द्या. विमा एवढ्यात मिळतोय, हँडलिंग काढा, किटमधलं मॅट आणि मडफ्लॅप ठेवा. कॉर्पोरेट सूट लावून नवीन कोटेशन पाठवा. बसलं तर आज टोकन देतो."

कंपनीच्या ऑफर सहसा महिनाभराच्या असतात, त्यामुळे 'आजच'चा धाक फार मनावर घेऊ नका. स्वतःचा आकडा आधी सांगू नका. आणि आपण खरंच घेणार आहोत हे दिसू द्या: मॉडेल, व्हेरिएंट, रंग ठरलेला, टेस्ट ड्राइव्ह झालेली. नुसतं भाव काढत फिरणाऱ्याला मॅनेजर शेवटचा भाव सांगत नाही. आवाज चढवून काही मिळत नाही. याच माणसांकडे पुढे सर्व्हिसिंगला जायचं असतं.

टोकन देताना बुकिंग रद्द केल्यास किती परत मिळेल, डिलिव्हरी केव्हा आणि मधल्या काळात किंमत वाढली तर कोणती लागू, या तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्या. पैसे डीलरशिपच्या खात्यावरच भरा, सेल्समनच्या नाही. रोख दोन लाख किंवा त्याहून अधिक घेणं कायद्याने बंद आहे.

कर्ज आणि जुनी गाडी वेगळी ठेवा

"महिन्याला हप्ता किती परवडेल?" हा प्रश्न आला की सावध व्हा. आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये बसतो. सात वर्षांचं केलं तर तो १२,९०० च्या आत येतो आणि गाडी एकदम आवाक्यात आल्यासारखी वाटते. पण व्याज सुमारे ८५ हजारांनी वाढतं.

फ्लॅट रेटचंही तसंच. "फक्त ५ टक्के फ्लॅट" हे ऐकायला स्वस्त, पण त्या आठ लाखांवर पाच वर्षांचा हप्ता १६,६६७ येतो. म्हणजे घटत्या शिलकीवरच्या ९ टक्क्यांपेक्षाही थोडा जास्तच. शोरूमला जाण्याआधी आपल्या बँकेकडून दर काढून ठेवा. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकारही विचारा.

जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीचा भाव पक्का झाल्यावरच काढा. दोन्ही एकत्र केलं की एका खिशातून दिलेलं दुसऱ्या खिशातून काढून घेतलं जातं आणि कळत नाही. बाहेर दोन ठिकाणी किंमत काढा. डीलरची किंमत अधिक एक्स्चेंज बोनस त्याहून जास्त असेल तरच त्याला द्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून विसरू नका. आरसीवरचं नाव बदलेपर्यंत चलन आणि अपघाताची झळ तुमच्याच दाराशी येते.

शेवटचा हप्ता देण्याआधी

पूर्ण पैसे आणि पासिंग होण्याआधी यार्डात जाऊन दिवसाउजेडी गाडी पाहा. चॅसिस नंबर लिहून घ्या आणि बिलावर, विम्यावर तोच आहे का ते जुळवा. उत्पादनाचा महिना फॉर्म २२ वर पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. ३१२५ असेल तर २०२५ च्या एकतिसाव्या आठवड्यातला टायर. किलोमीटर, रंगातला फरक, काचा, एसी, सगळे दिवे, स्टेपनी, दोन्ही किल्ल्या बघा. एकदा तुमच्या नावावर नोंदणी झाली की सापडलेला ओरखडा डीलरचा राहत नाही, तुमचा होतो. सणाच्या दिवशी डिलिव्हरी असेल तर ही तपासणी तीन-चार दिवस आधीच उरका. मुहूर्ताच्या गर्दीत कुणालाच वेळ नसतो.

डिलिव्हरी घेताना टॅक्स इनव्हॉइस, फॉर्म २१, विम्याची पॉलिसी, कराची पावती आणि प्रत्येक जादा रकमेचं बिल हातात हवं. ज्या रकमेचं बिल नाही ती देऊ नका. दिलीच असेल आणि डीलर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. आणि शोरूमला जाण्याआधी कागदावर तीन रकाने आखून तीन डीलरांचे आकडे ओळीपुढे ओळ मांडा. तोंडी मिळालेली सूट त्या कागदावर मांडू नका. लेखी येईपर्यंत ती मिळालेलीच नसते.